दोन गावांचे टायर

रांजणखोरी, १२ जानेवारी १९८७

प्रिय अजीज,

जीप आपली झाली. काल दुपारी लिलावाच्या कागदावर साहेबांची सही पडली, ती मी समोर उभं राहून पाहिली. आज सकाळी धर्मराज ड्रायव्हरने ती बीडहून चालवत आणून संस्थेच्या दारात उभी केली, तेव्हा गावाचीही खात्री पटली. हिरवी, पेट्रोलची, एका सरकारी खात्यात चौदा वर्षं फिरलेली. पहिलं पत्र तुलाच लिहितोय. अध्यक्ष आप्पारावांच्या पुण्याच्या जावयालासुद्धा अजून कळवलेलं नाही.

तू बीडचं गॅरेज सोडून औरंगाबादला लेकीकडे, जाहेदाकडे गेल्याला दीड वर्ष झालं. त्यामुळे इथलं सगळं तुला ठाऊक नसेल. रांजणखोरी खाली, रस्त्याजवळ. आवळमाळ वर, डोंगराच्या माथ्यावर. दोन गावांची मिळून आमची एक दूध संस्था, आणि मी तिचा सचिव. संघाची दूधगाडी लिंबागणेशच्या अलीकडे फाट्यावर सकाळी साडेआठपर्यंत थांबते. आमचं खालचं दूध बैलगाडीने पोचतं. वरचं आजवर सायकलवर, डोक्यावर येत होतं. या दुष्काळात वरची विहीर आटली, बायकांची सकाळ पाण्यात जायला लागली आणि दूध मागे पडलं. डिसेंबरात सतरा दिवस ते गाडी सुटल्यावर आलं.

संघाचं पत्र आलंय. दहा एप्रिलच्या आत कधीही, पण सलग पंधरा दिवस, आवळमाळचं दूध वेळेत आणून दाखवा. जमलं नाही तर वरचं केंद्र बंद. केंद्र गेलं की जनावरं नेकनूरच्या बाजारात जातील, माणसं खडी फोडायला जातील, आणि माथ्यावर दिवा लावायला कोणी उरणार नाही.

म्हणून जीप. वर जाताना पिण्याचं पाणी, येताना दूध. वाट तू पाहिली आहेस. आधी मुरूम, मग मधोमध तो हत्तीदगड, शंभर पावलांचा उघडा कातळ. आपण शाळेत असताना तिथं तू माझी सायकल मोडली होतीस. ते अजून फिटलेलं नाही. तेव्हा ये, आणि ही गाडी डोंगराच्या लायकीची करून दे.

तुझा
राधाकिशन

—

औरंगाबाद, १९ जानेवारी १९८७

राधाकिशन,

सलाम. अक्षर जाहेदाचं आहे, घाबरू नको. माझे हात दिवसभर ग्रीसमध्ये असतात, म्हणून मी बोलतो आणि ती लिहिते. सायकल तू स्वतः मोडलीस. मी फक्त मागे बसलो होतो.

यायला जमणार नाही. इथलं वर्कशॉप मोठं आहे, दारात सहा-सहा गाड्या उभ्या असतात, मालक मला एक दिवस सोडत नाही. पण सांगतो तसं केलंस तर मी तिथं असल्यासारखंच आहे.

रंगाला हात लावू नको. आप्पाराव आधी रंग काढा म्हणतील, त्यांना चहा पाज आणि बसव. गाडीत तीन दांड्या आहेत. पहिली रोजच्या गिअरची. दुसरी पुढची चाकं जोडायची, तिसरी लो गिअरची. चौदा वर्षं सरकारी ड्रायव्हरने त्या दोघींवर जेवणाची पिशवी टांगली असणार. दोन्ही गंजल्या असतील. ठोकू नका. खालून रॉकेल मारा, रात्रभर ठेवा, सकाळी हळू हलवा. मग गिअरबॉक्स आणि पुढचा-मागचा आस, अशा तिन्ही ठिकाणचं जुनं तेल सोडा आणि बोटावर घेऊन बघा. दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. चकाकलं तर दात झिजलेत.

मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एकेक पाटा वाढवा, पाण्याचं वजन आहे. सायलेन्सर वर उचलून आत घ्या, दगडाला लागेल. इंजिनाच्या तेलाच्या चेंबरखाली जाड पत्रा बांधा. मागची बाकडी काढून कॅनसाठी लोखंडी चौकट करा आणि प्रत्येक कॅनला वेगळं घर द्या. कॅन हलला की चढावर गाडीचा तोल जातो. रेडिएटर खोलून धुवा. तो चढावर पाणी पिणार, आणि या वर्षी तुमच्याकडे त्याला पाजायला पाणी नाही.

आणि धर्मराजला सांग, गाडीला हात लावायच्या आधी कान लावायचा. माझ्या गॅरेजात हाच नियम होता.

तुला, तिच्या चाचांना, जाहेदाचा सलाम.

अजीज

—

रांजणखोरी, १६ फेब्रुवारी १९८७

प्रिय अजीज,

तुझ्या पत्राला महिना झाला. इतक्या दिवसांत लिहिलं नाही, कारण आम्ही सगळे गाडीखाली होतो. मीसुद्धा. माझी पांढऱ्या सदऱ्याची ऐट आता बंद. होते ते दोन्ही सदरे काळे झाले.

दांड्या तिसऱ्या दिवशी सुटल्या. लो गिअरच्या दांडीला खरोखरच पिशवीचा नाडा गुंडाळलेला निघाला. तो धर्मराजने तुझ्यासाठी ठेवलाय. तेल काळं होतं पण दुधाळ नव्हतं. पाटे वाढवले. चेंबरखालच्या पत्र्याची मात्र कमाल झाली. इतका जाड पत्रा बाजारात मिळेना. तेव्हा आप्पारावांनी गुऱ्हाळाची काहील आणून टाकली. म्हणाले, "तीन वर्षं उसाचं टिपरू न्हाई. आता हिच्यात गूळ काय माझ्या डोक्याचा करू? कापा." लोहाराने ती कापली. गाडीच्या पोटाखाली अजून गुळाचा वास येतो.

टायर जुने, गुळगुळीत होते. ते बदलायला मी बैठक घेतली आणि स्वतः ठराव मांडला, दोन्ही गावांनी सारखा वाटा उचलावा. दोन टायर रांजणखोरीचे, दोन आवळमाळचे. दोघांनीही चुरशीने आणले. तुला सांगतो, या दोन गावांनी एका गोष्टीवर एकाच दिवशी हो म्हटलेलं मी पंधरा वर्षांत पाहिलं नव्हतं. टायरांवर पांढऱ्या रंगाने गावांची नावं आहेत. अध्यक्ष आमच्या गावचे, म्हणून पुढची जोडी रांजणखोरीची.

काल नारळ फोडून पहिली फेरी केली. सहा कॅन पाणी. वरच्या केंद्राच्या बायनाबाई पुढे बसल्या. त्या संचालक आहेत आणि वयाने आपल्या थोरल्या बहिणीसारख्या. गाडी माथ्यावर निघाली तेव्हा सगळी आवळमाळ बांधावर उभी होती. बायनाबाई खाली उतरल्या, बॉनेटवर हात फिरवला आणि म्हणाल्या, "हिचं नाव कुनी ठिवू नका. जनावराला नाव ठिवलं की विकताना रडू येतं. हिला विकायचीच न्हाई." मग सगळ्यांनी कॅनमधलं पाणी तांब्याने प्यायलं. पोहऱ्याशिवाय आलेलं पाणी.

एक बारीक गोष्ट. कातळावर पुढच्या चाकांची दांडी लावली की ती काढताना अडकते. दोन हात मागे घेतली की सुटते. स्टेअरिंगही जड होतं. धर्मराज म्हणतो, नवी-नवी आहे, बसेल. एक मार्चपासून पंधरा दिवसांची मोजणी सुरू करतोय.

राधाकिशन

—

औरंगाबाद, २१ फेब्रुवारी १९८७

राधाकिशन,

काहिलीचा पत्रा मला बघायला मिळायला हवा होता. आप्पारावांना माझा सलाम सांग. आता रंग काढला तरी चालेल म्हणावं.

पण दांडीची गोष्ट बारीक नाही. असं एकाच कारणाने होतं. धर्मराज फाट्यावरच्या डांबरी रस्त्यावर पुढची चाकं जोडलेली ठेवून चालवत असणार. नव्या खेळण्याचा नाद. डांबरीवर ती दांडी लावायची नाही, म्हणजे नाही. आतले दात एकमेकांवर चढतात. त्याला माझ्या नावाने दम दे. मी त्याला ओळखतो. माझ्याकडे होता तेव्हाही चाक खोलायच्या आधी हॉर्न वाजवून बघायचा.

दूध मोजायला लागलात की कळव. इथं काम लई वाढलंय.

अजीज

—

रांजणखोरी, ५ मार्च १९८७

अजीज,

मोजणी चौथ्या दिवशी मोडली. काल सकाळी सहा कॅन पाणी घेऊन गाडी हत्तीदगडावर अर्धी चढली आणि पोटाखाली फटका बसल्यासारखा आवाज झाला. पुढच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या शाफ्टचा सांधा, म्हणजे क्रॉस, तुटला. गाडी दहा हात मागे सरकली. धर्मराज ब्रेकवर उभाच राहिला. बायनाबाई मागून चालत येत होत्या. त्यांनी डोक्यावरची चुंबळ फेकली, धोंडा उचलला आणि चाकामागे सारला. कोणाला काही झालं नाही. पाणी सगळं कातळावर गेलं. आवाज ऐकून वरून बायका धावत आल्या, तोवर ओला कातळ तेवढा उरला होता.

मग त्याच बायकांनी परत वर जाऊन दूध डोक्यावर घेतलं. फाट्यावर नऊ वाजून दहा मिनिटांनी पोचल्या. गाडी गेली होती. ते दूध शाळेत वाटलं.

तुझा निरोप मी धर्मराजला दिला होता. त्याचं उत्तर जसंच्या तसं लिहितो. "मिस्तरीला म्हणावं, मी डांबरीवर ती दांडी एकदा बी लावली असंल तर नारायणगडाच्या पायरीवर नाक घासतो. औरंगाबादेत बसून कामून शिव्या देतो रे? इकडं ये अन् गाडीत बस."

तो रागाने बोलला, पण खोटं बोलला नाही. मी रोज त्याच्या शेजारी असतो. मलाही वाईट वाटलंच. पहिल्याच पत्रात ये म्हणालो होतो. लिंबागणेशला रोज बस येते. तुझ्या मोठ्या वर्कशॉपच्या मालकाला सांग की एका गावाचं दूध अडलंय. का आता बीडच्या धुळीत गाडीखाली झोपायला लाज वाटते?

क्रॉस नवा बसवतो. पण कारण कळल्याशिवाय गाडी चढवायची माझी हिंमत नाही. दहा एप्रिलला छत्तीस दिवस उरलेत.

राधाकिशन

—

औरंगाबाद, ९ मार्च १९८७

राधाकिशन,

तुझं पत्र जाहेदाकडून तीनदा वाचून घेतलं. धर्मराजला सांग, मिस्त्री चुकला. मी न बघता बोललो. माझ्या गॅरेजात कोणी असं केलं असतं तर त्याला दिवसभर नट धुवायला बसवलं असतं.

लाजेचं लिहिलंस, त्याला उत्तर देत नाही.

आता नीट सांग. मुरुमावर दांडी सुटते आणि कातळावरच अडकते, असं आहे का? आणि पुढे एक काम कर. गाडी संस्थेच्या सपाट अंगणात घे. पुढच्या चाकावर आणि मागच्या चाकावर, जमिनीला टेकतं तिथं, खडूने रेघ मार. दांड्या सगळ्या सोडून ठेव आणि माणसं लावून गाडी हाताने ढकल, सरळ. पुढच्या चाकाचे दहा फेरे मोज. दहावा फेरा पुरा झाला की थांबव आणि मागच्या चाकाची रेघ कुठं आहे ते बघ. तीही खाली आली असेल तर मी पुन्हा चुकलो. नसेल तर मला लगेच लिही.

क्रॉस बसवा, पण चढवू नका.

अजीज

—

रांजणखोरी, १४ मार्च १९८७

प्रिय अजीज,

मुरुमावर दांडी लोण्यातून काढल्यासारखी सुटते. कातळावरच अडकते.

खडूची रेघ मी स्वतः मारली. पुढच्या चाकाचे दहा फेरे झाले तेव्हा मागच्याचे सव्वानऊ झाले होते. तीनदा ढकलून पाहिलं, तिन्हीदा सव्वानऊ. धर्मराज रेघेकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. त्याच्या लक्षात माझ्याआधी आलं.

तुला मी एक गोष्ट लिहिली नव्हती. लपवली नव्हती, पण लिहिण्यासारखी वाटली नव्हती. रांजणखोरीचे टायर नवे कोरे, पण अंगाने लहान. आवळमाळवाल्यांनी वापरलेले पण मोठे आणले, खोल खाचांचे. आपले आमच्यापेक्षा भारी दिसावेत म्हणून. दोन गावांनी सारखा वाटा उचलावा, एवढंच माझ्या ठरावात होतं. टायर सारखे असावेत हे त्यात नव्हतं. बाकी सगळं ठरावात होतं, तारीख, वार, गणपूर्ती. अजीज, धर्मराज नाही, मी गाडी मोडली.

परवा बैठक घेतली. सगळं खरं सांगितलं. आवळमाळचे म्हणाले, आमचे मोठे आहेत, चढाला तेच हवेत, तुमचे काढा. आमचे म्हणाले, अध्यक्ष आमचे, पुढची जोडी आमची, ती उतरली तर गावात तोंड कसं दाखवायचं. आप्पाराव उठून गेले. जाताना बायनाबाई म्हणाल्या, "आप्पाराव, गाडी तुमच्या दारात उभी ऱ्हाती ते बी तुमचंच. पाणी तेवढं आमच्या दारात येऊ द्या." ते थांबले नाहीत.

आणि आमचे काढले तरी आवळमाळच्या मापाचे आणखी दोन टायर कुठून आणायचे? बीडला दोन दिवस फिरलो. त्या मापाचा, तितकाच झिजलेला जोड कुठं नाही.

सत्तावीस दिवस उरलेत. पंधरा मोजणीचे वजा कर.

राधाकिशन

—

औरंगाबाद, १७ मार्च १९८७

राधाकिशन,

सव्वानऊ. मला साडेनऊ वाटलं होतं.

बैठकीत वाचून दाखवायला सोपं करून लिहितो. पुढचं आणि मागचं चाक त्या दांडीने एकमेकांना बांधलं जातं. दोघांना सारखेच फेरे घ्यावे लागतात. पण मोठं चाक एका फेऱ्यात जास्त वाट कापतं आणि लहान कमी. मुरुमावर चाक थोडं घसरतं आणि तो फरक फिटतो. कातळावर घसरायला जागा नाही. मग तो फरक शाफ्टमध्ये पीळ होऊन साठतो. दोन हात मागे घेतलं की पीळ उलगडतो, म्हणून दांडी सुटते. नाही उलगडला तर जे सगळ्यात कच्चं आहे ते तुटतं. तुमचा क्रॉस तुटला. त्याने बिचाऱ्याने बाकीची गाडी वाचवली.

आणि सचिवसाहेब, एवढं मनाला लावून घेऊ नका. मी चाळीस वर्षं गाड्या केल्या. दोन गावांच्या प्रेमाने मोडलेली ही पहिलीच.

टायरांचं असं. बीडला माझ्या गॅरेजच्या शटरमागे, डाव्या भिंतीला, पोत्याखाली दोन टायर आहेत. आवळमाळच्याच मापाचे असावेत, खोल खाचांचे, थोडेच चाललेले. ते मी स्वतःसाठी ठेवले होते. बीडला परत आलो की एक जुनी जीप घ्यायची आणि तिला लावायचे, असा बेत होता. आता ते घेऊन जा. चावी शेजारच्या फळवाल्या मैनुद्दीनकडे आहे. आवळमाळच्या टायरांशी घेर मोजून बघा. दोरी फिरवून मोजायचं, डोळ्याने नाही. बोटभरापेक्षा जास्त फरक असेल तर लावू नका.

टायर कोणते कुठं लावायचे ते तुमच्या बैठकीने ठरवावं. त्यातलं मला काही कळत नाही.

अजीज

—

रांजणखोरी, ३१ मार्च १९८७

प्रिय अजीज,

आज सातवा दिवस. आजचं दूध फाट्यावर आठ वाजून पाच मिनिटांनी पोचलं. दूधगाडीच्या क्लीनरने वहीत वेळ लिहिली, ती मी वाचली. काल पाडवा होता. गुढी उभारायच्या आधी दूध पोचवलं.

आता सुरुवातीपासून. वीस तारखेला मी आणि धर्मराज बीडला आलो. मैनुद्दीनभाईंनी चावी दिली, आणि शटर उघडायला जोर लागेल म्हणून तेही आले. जोर लागलाच. आत तुझे पाने भिंतीवर मापाने टांगलेले तसेच होते. धूळ होती, पण एक पानाही जागा सोडून नव्हता. मैनुद्दीनभाईंनी टरबूज कापलं, बसवलं. बराच वेळ बोलत होते. धर्मराज ऐकता ऐकता उठला आणि सगळे पाने फडक्याने पुसून, तेल लावून परत टांगले.

मी पाच मार्चच्या पत्रात जे लिहिलं होतं, ते मी लिहिलं नाही असं समज.

टायर दोरीने मोजले. फरक करंगळीच्या नखाएवढा. मग पुन्हा बैठक. तुझं पत्र वाचलं. शेवटी आप्पाराव म्हणाले, "मिस्तरीनं स्वतःच्या जीपचे टायर दिले. आन् त्याच्याकडं जीप न्हाई. मंग आपून कशाला बसलोय टायर धरून? धर्मराज, जॅक आन." बैठक तिथेच मोडली आणि सगळे अंगणात. पुढच्या जोडीचे नट आप्पारावांनी स्वतः खोलले. वय सदुसष्ट. कोणाला हात लावू दिला नाही. ठराव मी नंतर लिहिला. "रांजणखोरीने आपले दोन्ही टायर स्वखुशीने, स्वतःच्या हाताने उतरवले. सूचक आप्पाराव, अनुमोदक बायनाबाई." आप्पारावांनी तो दोनदा वाचून घेतला.

पुढे तुझा एक आणि आवळमाळचा एक. मागेही तसंच. रांजणखोरीची जोडी खालचं दूध आणणाऱ्या बैलगाडीला लागली. आता आमची गाडी फाट्यावर जाताना आवाज करत नाही, आणि आप्पाराव येणाऱ्या-जाणाऱ्याला ते थांबवून सांगतात. तुझ्या टायरांवर पांढऱ्या रंगाने काय लिहायचं, यावर मात्र दोन्ही गावांचं दहा मिनिटांत एकमत झालं. ते आल्यावर बघ.

हत्तीदगडावर आता दांडी लावतो, चढतो, काढतो. कुठं अडकत नाही. बायनाबाई म्हणतात, गाडी आता कातळावर म्हशीसारखी जाते, दमानं आन् न थांबता.

पंधरावा दिवस आठ एप्रिल. त्या सकाळी संघाचे पर्यवेक्षक स्वतः आमच्याबरोबर खालून माथ्यापर्यंत आणि परत येणार आहेत. वाट बघायची आहे म्हणतात. एक दिवस चुकला तर पुन्हा मोजायला तारखा उरलेल्या नाहीत.

म्हणून आणखी एक ठराव झाला. "पंधराव्या दिवशी गाडीची तपासणी अजीज मिस्त्री यांनी करावी. हात लावायला धर्मराज आहे. मिस्त्रींनी बसावं, ऐकावं आणि बोलावं. सूचक धर्मराज." धर्मराज सभासद नाही. नियमाप्रमाणे त्याला सूचक होता येत नाही. वार्षिक तपासणीत माझ्यावर शेरा येईल. येऊ दे. मी लिहिलं आहे आणि खाली सही केली आहे.

राधाकिशन

—

औरंगाबाद, ४ एप्रिल १९८७

राधाकिशन

हे अक्षर माझं. डाव्या हाताचं. जाहेदा समोर बसून हसते आणि शाई पुसते. एवढं लिहायला सकाळ गेली.

मैनुद्दीन लई बोलतो. टरबूज कापायला घेतलं की त्याचं तोंड थांबत नाही. वर्कशॉप नाही. जावयाच्या ओळखीच्या पार्टच्या दुकानात स्टुलावर बसतो. गिऱ्हाईक आवाज काढून दाखवतं, मी पार्ट सांगतो. उजव्या हाताने पाना धरता येत नाही, गॅरेज सोडलं ते त्यामुळेच. तुला सांगायला नको होतं. आता कळलं ते बरं झालं.

शेरा आला तर माझं नाव सांग.

सात तारखेला दुपारच्या बसने लिंबागणेशला उतरतो. जाहेदा बरोबर आहे. धर्मराजला पाठव. त्याच्याकडे त्या नाड्याची चौकशी करायची आहे.

आठला सकाळी सहाच्या आधी गाडी हत्तीदगडाच्या पायथ्याला उभी कर. इंजिन चालू ठेव. पर्यवेक्षक साहेबांना मागे कॅनजवळ बसव. पुढे धर्मराजच्या डाव्या बाजूला मी. तिन्ही दांड्या माझ्या उजव्या हाताला येतात. त्या हाताला धरता येत नाही पण थरथर अजून कळते. तो मधल्या, पुढच्या चाकांच्या दांडीवर ठेवणार. पीळ साठायला लागला तर मला शाफ्टच्या आधी कळेल.

मी बसल्याशिवाय चढू नका.

अजीज